जीपचा इसार

गोष्ट माझ्याच घरातली आहे आणि सांगताना थोडी लाज वाटते. पण गेली तीसएक वर्षे मी गावोगाव फिरून दुसऱ्यांना सल्ले देतो आहे. एकदा आपली स्वतःची फजितीही मांडली पाहिजे, म्हणून लिहितो.

२०२२ सालचा फेब्रुवारी महिना. द्राक्षांचा हंगाम नुकता सुरू झाला होता. आमच्या सायखेड्यात शेतकऱ्यांची बैठक होती आणि विषय नेहमीचाच, परराज्यातून येणाऱ्या व्यापाऱ्यांचा. निफाड तालुक्यात हा विषय कोणाला समजावून सांगावा लागत नाही. व्यापारी येतो, गोड बोलतो, पहिल्या दोन गाड्यांचे पैसे रोख मोजतो. तिसऱ्या गाडीला चेक देतो, चौथी उधार नेतो आणि त्यानंतर त्याचा फोन लागत नाही. भाड्याच्या खोलीला कुलूप. मी माईक हातात घेऊन सांगत होतो, "माणूस कुठला, त्याचा परवाना कुठे, त्याला ओळखणारे इथे कोण, हे बघितल्याशिवाय एक घड तोडू देऊ नका. ज्याचे घर पाहिले नाही, त्याच्या हाती बाग देऊ नका." टाळ्या पडल्या.

त्याच रात्री, जेवण झाल्यावर, ओट्यावर बसून मी पंजाबातल्या एका माणसाला मोबाईलवरून तीस हजार रुपये पाठवले. त्याचे घर मी पाहिले नव्हते. त्याच्याकडची जीपही पाहिली नव्हती. पाहिले होते ते बारा फोटो आणि अर्ध्या मिनिटाचा एक व्हिडिओ.

आता सरकारी नोकरीतल्या पन्नाशी उलटलेल्या माणसाला जुन्या जीपची काय गरज, असे तुम्ही विचाराल. आमच्या घरीही तेच विचारले गेले. त्यासाठी आप्पांबद्दल सांगावे लागेल.

आप्पा म्हणजे माझे वडील. पंचायत समितीत ड्रायव्हर होते. आपल्या राज्यात १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या, आणि आप्पा १९६६ मध्ये समितीच्या जीपवर लागले. त्या वेळी तालुक्याच्या गावांत मोटार म्हणजे एस.टी., नाहीतर समितीची जीप. तिसरे वाहन क्वचितच दिसायचे. जीपमधून संकरित ज्वारीच्या बियाण्याची पोती आली, कल्याणसोना गहू आला, लसीकरणाची पेटी आली, आणि रात्री देवळासमोर पडदा बांधून शेतीचे चित्रपट दाखवणारे यंत्रही त्याच जीपमधून उतरले. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामांवर साहेबांना घेऊन आप्पा रोज फिरत. लाल मिलोची भाकरी आणि सुकडी त्यांनीही त्याच कामांवर बसून खाल्ली आहे.

या गाडीचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या दोन कारखान्यांनी मिळून सहा लाखांच्या वर जीपा बनवल्या. युद्ध संपल्यावर तीच गाडी शेतकऱ्याची म्हणून विकायला काढली गेली. आपल्याकडे मुंबईत माझगावला महिंद्र कंपनीने सुटे भाग आणून १९४९ मध्ये पहिली विलीज जीप जोडली, आणि पुढे ती इथेच बनू लागली. आप्पांची होती ती उंच बॉनेटची, सी.जे. ३ बी नावाची. अमेरिकेत ही १९५३ मध्ये निघाली आणि १९६८ मध्ये बंदही झाली, पण आपल्याकडे त्यानंतरही कितीतरी वर्षे बनत राहिली. इंजिन पेट्रोलचे, चार सिलिंडरचे. बॉनेट उंच का, तर हे इंजिन आधीच्यापेक्षा उंच होते, ते मावेना म्हणून वरचा पत्राच उचलला. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली. पंपावर गेले की आप्पा उतरायचे, गादी उचलायचे आणि मग पेट्रोल भरायचे. लहानपणी मला वाटायचे, गाडीत पेट्रोल असेच भरतात.

१९८६ मध्ये ती जीप निर्लेखित झाली आणि लिलावात निघाली. आप्पाही बोलीला उभे राहिले होते. हे मला फार नंतर आईने सांगितले. पाच हजारांपर्यंत बोलून ते थांबले, आणि साडेनऊ हजारांना एका भंगारवाल्याने ती नेली. आप्पांचा महिन्याचा पगार तेव्हा हजाराच्या आत होता आणि मी दहावीच्या तोंडावर होतो. मी पुढे राहुरीला कृषी पदवीला गेलो, ते पैसे कुठून आले हे मी कधी विचारले नाही. जीप घेतली असती तर ते आले नसते, एवढे मात्र आता कळते.

त्या जीपसमोर उभे राहून काढलेला आप्पांचा एक फोटो आमच्या घरात होता. ४ ऑगस्ट २०१९ ला गोदावरीला पूर आला, सायखेडा आणि चांदोरी पाण्यात गेले, हे तुम्हाला आठवत असेल. आम्हा नदीकाठच्यांना पूर काही नवा नाही. १९६९ चा मोठा पूर आप्पांनी पाहिला, २००८ आणि २०१६ चा मीही पाहिला. पण या वेळी पाणी आमच्या मधल्या घरात आले. पाणी ओसरल्यावर चिखल काढताना तो फोटो सापडला. आप्पांचे धड शिल्लक होते, जीप पूर्ण विरघळून गेली होती. आप्पांनी तो हातात घेतला, उन्हात धरला आणि परत माझ्याकडे दिला. बोलले काहीच नाहीत. त्यांना मोतीबिंदूनंतर तसेही कमी दिसते. पण माझ्या डोक्यात किडा शिरला तो तिथेच.

जुन्या गाडीचा शोध म्हणजे लग्नाच्या स्थळासारखा आहे. फोटोत सगळ्याच गोऱ्या. पहिली जाहिरात भेटली ती एका 'फौजी साहेबां'ची. बदली झाली, जीप निम्म्या किमतीत द्यायची, गणवेशातला फोटो, कॅन्टीनच्या कार्डाचा फोटो, आणि गाडी लष्कराच्या वाहनातून घरपोच, फक्त वाहतुकीचे आठ हजार आधी पाठवा. आमच्या ओळखीच्या एका शिक्षकाने अशाच एका 'फौज्या'कडून स्कूटर घेतली होती, म्हणजे पैसे दिले होते. स्कूटर अजून यायची आहे. त्यामुळे त्यातून मी वाचलो. असे कोणाचे पैसे गेलेच तर लाजत घरात बसू नका, त्याच तासाला १९३० या नंबरावर फोन लावा. पैसे पुढच्या खात्यातून निघून जायच्या आत कळवले तर अडवता येण्याची आशा असते.

एका फसवणुकीतून वाचलो, म्हणून मी स्वतःला शहाणा समजू लागलो. हीच खरी खोट. पंजाबातला माणूस पैशाची घाई करत नव्हता, किंमतही पडेल सांगत नव्हता. दोन लाख चाळीस हजार. "१९७३ मॉडेल, ओरिजिनल पेट्रोल, कागद साफ." मी विचारले, राखाडी रंगात मिळेल का? तो म्हणाला, तुम्ही इसार पाठवा, उद्यापासून रंगाला घेतो. राखाडी म्हटल्यावर मला फोटोतली जीप दिसायला लागली आणि मी बोट दाबले.

सौ. म्हणाली, "अहो, दहा रुपयांचं मडकं घेताना तुम्ही वाजवून घेता." मी म्हणालो, व्हिडिओ पाहिला आहे ना. ती म्हणाली, "मडक्याचाही पाहा मग." यावर काय बोलणार?

आठ दिवसांनी मी आप्पांना सांगायचे ठरवले. खाटेवर पडले होते. त्यांना दिसणार नाही म्हणून व्हिडिओचा आवाज मोठा केला आणि मोबाईल कानाशी धरला. त्यांनी डोळे मिटून अर्धा मिनिट ऐकले. म्हणाले, "परत लाव." परत लावला. मग म्हणाले, "जीप म्हणून सांगितली का तुला?"

"हो आप्पा. पेट्रोल जीप, आपल्यासारखीच."

"पेट्रोल नाही ही. डिझेलची टकटक आहे. पेट्रोलची जीप उभी असली ना, तर वर नाणं ठेवावं आणि पडू नये. ही तर आपल्या पाण्याच्या इंजिनासारखी बोलतेय."

कृषी पदवीधर मुलाला बारा फोटोंतून जे कळले नाही, ते ऐंशी वर्षांच्या ड्रायव्हरला अर्ध्या मिनिटात कानाने कळले. मी पंजाबला फोन लावला. तो माणूस जराही गडबडला नाही. म्हणाला, इंजिन बदलले आहे, चांगल्यासाठीच. पेट्रोल परवडते कोणाला? त्यात तथ्य होते. १९७३ मध्ये जगभर तेलाचे भाव भडकल्यावर पेट्रोल जीप पोसणे म्हणजे हत्ती पोसणे झाले. लोकांनी मूळ इंजिने उतरवून मॅटॅडोरची नाहीतर हाती लागतील ती डिझेल इंजिने बसवली, आणि महिंद्रनेही डिझेल जीपा काढल्या. आपल्याच जिल्ह्यात इगतपुरीला कंपनीचा इंजिनांचा कारखाना आहे. पण बदललेले इंजिन आर.सी. बुकावर चढवलेले हवे. आर.सी.वर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल, तर ती गाडी कायद्याने ती गाडीच नव्हे. हे मला माहीत होते. दुसऱ्या कोणी विचारले असते तर मी सांगितलेही असते.

आप्पा म्हणाले, "जा आणि बघून ये. रंग बघू नकोस. पॉलिश पेपर घेऊन जा, खाली झोप, चेसिसवरचे आकडे घासून बघ. जोड कुठे दिलाय ते बघ."

मार्च महिन्यात मनमाडला सचखंड एक्सप्रेसमध्ये बसलो. नांदेडहून अमृतसरला जाणारी ही गाडी आपल्या मनमाडवरून जाते, हे आपले भाग्य. डब्यात नांदेडचा गुरुद्वारा करून परत निघालेली एक शीख कुटुंबमंडळी होती. कुठे निघालात विचारल्यावर मी जीपचे सांगितले. आजोबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "बेटा, पैसे दिलेस का?" मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

लुधियानाला उतरून पुढे एस.टी.सारख्याच एका बसने गेलो. पंजाब आणि हरियाणाच्या सीमेवर, डबवालीच्या पट्ट्यात, जुन्या जीपा खोलून पुन्हा उभ्या करण्याचा मोठा उद्योग आहे. त्या कारागिरांचे हात बघण्यासारखे आहेत. साधा पत्रा हातोडीने ठोकून मडगार्ड काढतात, तेही माप न घेता. मी गेलो त्या आवारात पंधरा-वीस सांगाडे ओळीने उभे होते. कोणाला चाके नाहीत, कोणाला तोंड नाही. आणि एका कोपऱ्यात माझी जीप. राखाडी रंगाची, नवी कोरी, काच बॉनेटवर आडवी पाडलेली. खोटे कशाला बोलू, पाहिल्यावर क्षणभर घशाशी आले.

मालकाने चहा मागवला. मी पॉलिश पेपर काढला आणि खाली झोपलो. साठ रुपये मीटरची पँट होती, पण आप्पांचा शब्द होता. चेसिसची पट्टी मधोमध कापून जोडलेली होती, वेल्डिंगची माळ रंगाखाली हाताला लागली. आकड्यांवरचा रंग घासला. जुन्या लोखंडावर कारखान्यात ठोकलेले आकडे एका रांगेत, एका खोलीचे असतात. हे आकडे दारू प्यालेल्या माणसाच्या चालीसारखे होते, एक वर, एक खाली, आणि शेवटचा तीन तर आडवाच व्हायला आला होता. भोवतीचे लोखंड ताज्या घासणीने चकाकत होते. म्हणजे कागद एका जीपचा, सांगाडा दुसरीचा, इंजिन तिसरीचे.

मी उठून उभा राहिलो. मालक तेवढ्याच शांतपणे म्हणाला, "मास्टरजी, सबकी ऐसी ही है." वाईट माणूस नव्हता तो. त्याच्या लेखी त्याने मला फसवले नव्हतेच. जीप मागितली, जीप दिली, चालते, आणखी काय? त्याला मूळ गाडी म्हणजे काय आणि मला ती का हवी, हे सांगता आले नाही. कारखान्याने जशी नोंदवली त्यापेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले, असे मी सांगून पाहिले. त्याने मान डोलावली आणि दुसरा चहा मागवला.

इसाराच्या तीस हजारांपैकी दहा हजार त्याने परत दिले. बाकीचे? "राखाडी रंग आपने बोला था." आता बोला. हिरव्या नाहीतर पांढऱ्या जीपला गिऱ्हाईक मिळते, राखाडीला कोण घेणार, असे त्याचे म्हणणे. ते मला खोडून काढता आले नाही. त्याने मला बसपर्यंत मोटारसायकलवर सोडलेही.

घरी परतल्यावर आठवडाभरात गावभर झाले. आमच्या शेजारचे तात्या, दोन एकर द्राक्षबाग, त्या फेब्रुवारीच्या बैठकीत पहिल्या रांगेत होते. पारावर भेटले तेव्हा इतकेच म्हणाले, "साहेब, व्यापाऱ्याचं घर बघून आलात म्हणे." २०२१ मध्ये त्यांचे दोन लाख एका व्यापाऱ्याकडे बुडाले होते, आणि तेव्हा मी त्यांना चांगले तासभर ऐकवले होते. आता ते माझ्याकडे पाहून हसत होते, आणि ते हसणे मला रास्त वाटले. माल तोडणीला आलेला असताना, भाव पडायची भीती असताना, समोरचा गोड बोलत असताना माणसाचे काय होते, हे मी एकतीस वर्षे भाषणात सांगत होतो. त्या वर्षी पहिल्यांदा कळले. शेतकऱ्याला निदान माल नासण्याची घाई असते. मला तर तीही नव्हती.

त्यानंतर मी जीपचे नाव काढले नाही. पण डिसेंबरमध्ये राहुरीच्या एका वर्गमित्राचा फोन आला. तो कोल्हापूर जिल्ह्यात गडहिंग्लज भागात असतो. त्याच्याकडच्या एका खेड्यात उसाच्या शेतकऱ्याच्या गोठ्यात एक जीप होती. सासऱ्यांनी १९७५ मध्ये नवी घेतलेली, नंतर मुलाच्या नावावर झालेली, आणि तो मुलगा २०१२ मध्ये वारल्यापासून जागची न हललेली. वर कडबा रचलेला. बाईंना ती द्यायची होती, पण भंगारात नाही.

या वेळी मी एक रुपया पाठवला नाही. मित्राला पाठवले. आप्पांनी फोनवरून त्याला खाली झोपायला लावले. तोही बिचारा वर्ग दोनचा अधिकारी, गोठ्यात शेणात झोपला. चेसिसच्या आकड्यांवर कागद ठेवून पेन्सिल घासायला लावली. तो ठसा आणि आर.सी. बुकातला नंबर, आकडा न आकडा जुळला. इंजिनाचाही जुळला. मिस्त्री आणून तीन दिवस खटपट केली, कार्बोरेटर धुतला, बॅटरी नवी लावली, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती चालू झाली. मित्राने मोबाईल बॉनेटजवळ धरला. इकडे आप्पा खाटेवर उठून बसले. एक सिलिंडर कमी मारत होता, मधूनच फुसकी टाकत होता. आप्पांनी ऐकले आणि म्हणाले, "हां. ही बोलतेय."

बाईंची एकच अट होती. "बगितल्याबिगर द्याची न्हाई मी." म्हणजे जीप मी बघायची होती तशी मला त्यांनी बघायची होती. हा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. दूरच्या घेणाऱ्याला जशी धास्ती, तशीच दूरच्या देणाऱ्यालाही. त्यांच्या दिराने त्यांना सांगून ठेवले होते की गाडी विकली, पैसे घेतले, तरी आर.टी.ओ.च्या नोंदीत नाव आपलेच राहिले आणि पुढे गाडीने कोणाला उडवले, तर भरपाईची नोटीस आपल्या दारात येते. ते बरोबर होते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसाच निवाडा दिला आहे. नोंदीत ज्याचे नाव, मालक तोच. आपल्याकडे जुन्या मोटारसायकली, ट्रॅक्टर नुसत्या स्टँपपेपरवर पाच-पाच हात फिरतात. पहिल्या मालकाने एकदा तरी आपले नाव उतरले का, हे पाहून घ्यावे.

जानेवारीत गेलो. बाईंनी आधी विचारले, चालवणार कोण? मी आप्पांचे सांगितले, लिलावाचेही सांगितले. त्या ऐकत होत्या आणि पदराने स्टिअरिंग पुसत होत्या. "आमचं मालक सीटवर दुसऱ्या कुणाला बसू देत न्हवतं," म्हणाल्या. एक लाख साठ हजार सांगितले. मी घासाघीस केली नाही. जेवायला भाकरी आणि आमटी होती आणि घासाघीस करण्यासारखे ते घर नव्हते.

पण कागदांना चार महिने गेले, आणि त्यात कोणाचा दोष नव्हता. गाडी वारलेल्या माणसाच्या नावावर. शेतजमिनीला जशी वारस नोंद, तशी गाडीलाही लागते. त्यासाठी नमुना ३१ चा अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद. आधी बाईंच्या नावावर, मग नमुना २९ आणि ३० भरून माझ्या नावावर. १९७५ ची नोंद जाडजूड रजिस्टरमध्ये होती, संगणकावर नव्हतीच. ती आधी चढवावी लागली. सासऱ्यांच्या काळचा बँकेचा बोजा नोंदीत तसाच राहिलेला निघाला. कर्ज कधीच फिटले होते, पण सातबाऱ्यावरचा बोजा जसा कोणी कमी करून घेत नाही, तसा हाही राहिला. बँकेचा दाखला घेऊन नमुना ३५ ने तो उतरवला. गाडी राज्यातलीच, त्यामुळे नंबर बदलायची कटकट नव्हती. पंजाबातली असती तर तिकडच्या कार्यालयाचा नमुना २८ चा ना हरकत दाखला, आणि मग इकडे नवा नंबर. जुना तीन अक्षरी नंबर तसाच राहिला, याचा आप्पांना फार आनंद झाला.

कोणीतरी सुचवले की व्हिंटेजमध्ये नोंदवा. २०२१ च्या जुलैत केंद्राने तसा नियम केला आहे. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली, मूळ रूप न बदललेली गाडी वीस हजार फी भरून त्या नोंदीत घालता येते. पण आमच्या जीपची पन्नाशी तेव्हा भरली नव्हती, आणि तशी नोंदवलेली गाडी रोज रस्त्यावर फिरवता येत नाही. प्रदर्शनाला, मेळाव्याला, नाहीतर दुरुस्तीला न्यायची. मला ती शोकेसमध्ये ठेवायची नव्हती. पर्यावरण कर भरला, निरीक्षकांना गाडी दाखवायची तयारी ठेवली, आणि साधीच नोंद पुढे चालवायचे ठरवले.

आता गाडी आणायची कशी? दहा वर्षे उभी असलेल्या गाडीला एवढ्या लांब चालवणे म्हणजे रस्त्यात ठेवणे. सायखेड्यातला एक ट्रकवाला कांदा घेऊन बेंगळुरूला जातो. येताना ट्रक पुष्कळदा रिकामाच असतो. मे महिन्यात तो परतीला गडहिंग्लजकडे वळला. उसाच्या उंच बांधाला ट्रकचा मागचा फाळका लावला, फळ्या टाकल्या, आणि गावातल्या दहा-बारा पोरांनी टनभराची जीप ढकलत वर चढवली. बाईंनी नारळ फोडला. ट्रक निघाल्यावर त्या रस्त्यापर्यंत आल्या नाहीत, गोठ्यापाशीच उभ्या राहिल्या. गोठ्यात जीपच्या आकाराची कोरडी जागा तेवढी उरली होती.

संकेश्वर, निपाणी, कागल, असा मध्ये कर्नाटकाचा तुकडा लागतो. एका नाक्यावर पोलिसाने ट्रकमध्ये कांद्याच्या फोलपटांवर बसलेली जीप पाहिली आणि कागद मागितले. मी सगळी फाईल त्याच्या हातात दिली. त्याने ती पानन्‌पान चाळली आणि म्हणाला, "एवढे कागद तर नव्या गाडीचे नसतात." ट्रकवाल्याने बारा हजार घेतले. सिन्नरकडून आम्ही सायखेड्यात शिरलो तेव्हा पहाटेचे चार वाजले होते. आप्पा ओट्यावर जागे होते.

ब्रेकची रबरे कुजलेली, वायरिंग उंदरांनी खाल्लेले, टायर चिरलेले. दुरुस्तीला नव्वद हजार लागले आणि पेट्रोलचे विचारू नका, लिटरला आठ किलोमीटर. पंजाबात बुडालेले वीस हजार आणि हे सगळे मिळून किती झाले, ते सौ.ला ठाऊक आहे. मी बेरीज केलेली नाही.

पहिल्यांदा बाहेर काढली ती श्रावणात. आप्पांना उचलून पुढच्या सीटवर बसवले, तात्या आणि माझा मुलगा मागे. पूल ओलांडून चांदोरीला जायचे आणि परत यायचे, एवढेच ठरले होते. नदीला गढूळ पाणी होते, पण पुलाच्या खूप खाली. पुलावर आप्पांनी हात वर केला, मी थांबवली. त्यांनी डॅशबोर्डच्या पत्र्यावर तळवा ठेवला, जनावराच्या पाठीवर ठेवतात तसा, आणि बराच वेळ तसाच ठेवला. मागून एस.टी.ने हॉर्न दिला. तात्या म्हणाले, "आप्पा, कशी आहे?"

आप्पा म्हणाले, "गाडी चांगली आहे. याचा पाय क्लचवरून निघत नाही. त्याला सांगा, प्लेट जळेल."